सोळाव्या दिवशी बंद होणारे दार

दिल्लीत भाडेकरूला घराबाहेर काढायला गुंड लागतातच असे नाही. पंधरा दिवस पुरतात.

दिल्ली भाडे नियंत्रण कायदा, १९५८ हा भाडेकरूंचे लाड करणारा कायदा आहे, असे घरमालकांच्या संघटना वर्षानुवर्षे सांगत आल्या आहेत. वर्तमानपत्रांचे अग्रलेखही तेच सांगतात. आपण मात्र कायदा स्वतः वाचायला शिकलेली माणसे आहोत, तेव्हा या कायद्याचे कलम २५-बी उघडून वाचू. 'ही जागा मला स्वतःसाठी हवी आहे' असे म्हणत मालकाने कलम १४(१)(ई) खाली अर्ज केला की भाडेकरूला समन्स येते. पंधरा दिवसांच्या आत प्रतिज्ञापत्रासह अर्ज करा आणि दाव्याला विरोध करण्याची परवानगी मिळवा, असे त्या समन्समध्ये लिहिलेले असते. तसे केले नाही, तर घर खाली करण्याचा आदेश मिळवण्याचा हक्क मालकाला राहील.

इथे 'परवानगी' हा शब्द महत्त्वाचा आहे. आपल्या राहत्या घराबद्दल न्यायालयात तोंड उघडण्याआधी भाडेकरूला परवानगी मागावी लागते. ती मागण्यासाठी लागणाऱ्या प्रतिज्ञापत्रात सगळी वस्तुस्थिती एकदमच मांडावी लागते: मालकाकडे दुसरी जागा आहे का, त्याची गरज खरी आहे का, त्याच इमारतीतला मजला त्याने नुकताच दुसऱ्याला दिला का. पंधरा दिवस उलटले, की मालकाने अर्जात लिहिलेले सगळे भाडेकरूने कबूल केले आहे, असे कायदा धरून चालतो. मालक खरे बोलतो आहे की खोटे, हे मग कोणी तपासत नाही. आदेश निघतो. त्यावर अपील नाही. उच्च न्यायालयात पुनरीक्षण अर्ज करता येतो, पण त्याची कक्षा अरुंद आहे, आणि ती अरुंदच ठेवावी असे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये आबिद-उल-इस्लाम खटल्यात पुन्हा बजावले.

आजारपण, गावाकडचे मयत, वकिलाने केलेली टाळाटाळ यांमुळे सोळावा दिवस उजाडला तर? पृथिपाल सिंग विरुद्ध सतपाल सिंग या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगून टाकले आहे, की हा उशीर माफ करण्याचा अधिकार भाडे नियंत्रकाला नाही. कोट्यवधींच्या व्यवहारात सरकारी खाती वर्षावर्षाच्या उशिराने अपिले करतात आणि माफी मागतात. भाडेकरूला मात्र एक दिवसही माफ नाही.

महाराष्ट्रातही हा प्रकार आहे. १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्यात सक्षम प्राधिकाऱ्यापुढे बचावाची परवानगी मागावीच लागते, पण त्यासाठी तीस दिवस मिळतात. शिवाय करारनामा नोंदवण्याची जबाबदारी तिथे मालकावर आहे. त्याने तो नोंदवला नाही तर अटींबद्दल भाडेकरूचे म्हणणे प्रमाण धरण्याची तरतूद आहे. देशाच्या राजधानीत ना ते तीस दिवस आहेत, ना ती जबाबदारी.

हे कलम आले कुठून? आणीबाणीतून. १ डिसेंबर १९७५ पासून ते अध्यादेशाने लागू झाले आणि १९७६ मध्ये संसदेने त्याचा कायदा केला. त्याच १९७६ च्या एप्रिलमध्ये तुर्कमान गेटला बुलडोझर चालले आणि गोळीबार झाला. तोही घरे खाली करण्याचाच कार्यक्रम होता, फक्त तो लोकांना दिसला. कलम २५-बी हा कागदावरचा बुलडोझर होता. आणीबाणी उठली, तो मात्र राहिला.

या दुरुस्तीने आणखी एक ढाल काढून घेतली. १९५६ च्या गलिच्छ वस्ती कायद्यानुसार घोषित वस्तीतल्या भाडेकरूला काढण्याआधी सक्षम प्राधिकाऱ्याची परवानगी घ्यावी लागे. या माणसाला त्याच्या ऐपतीत दुसरी जागा मिळेल का, हे त्या प्राधिकाऱ्याने पाहायचे होते. परवानगी तेव्हा मालकाने मागायची होती! १९७६ च्या दुरुस्तीने नवे प्रकरण इतर सर्व कायद्यांच्या वर ठेवले, आणि मालकाला स्वतःसाठी जागा हवी असेल तर वस्ती कायद्याच्या परवानगीची गरज नाही, हे १९८४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही मान्य केले. अशा रीतीने परवानगी मागण्याचे काम मालकाकडून भाडेकरूकडे आले.

आता त्याच संसदेचा त्याच वर्षीचा दुसरा पराक्रम बघा. १९७६ च्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने संविधानात अनुच्छेद ३९-अ आला. आर्थिक किंवा इतर दुर्बलतेमुळे कोणी न्यायापासून वंचित राहू नये, यासाठी राज्याने मोफत कायदेशीर मदत द्यावी, असे तो सांगतो. त्यासाठीचा विधी सेवा प्राधिकरण कायदा झाला १९८७ मध्ये, आणि अंमलात आला ९ नोव्हेंबर १९९५ ला. मालकाची सोय अध्यादेशाने एका दिवसात झाली. गरिबाच्या वकिलाची सोय व्हायला जवळपास एकोणीस वर्षे लागली. या देशात घाई कोणासाठी आणि सबुरी कोणासाठी, हे या दोन तारखांवरून कळते.

'पण आमचा भाडे कायद्याशी संबंधच येत नाही' असे मुखर्जीनगरच्या किंवा जुन्या राजेंद्रनगरच्या खोलीत राहणारा आपला मित्र म्हणेल. त्याचे बरोबर आहे, आणि ती जास्त चिंतेची गोष्ट आहे. १९८८ च्या दुरुस्तीने महिना ३,५०० रुपयांहून जास्त भाड्याच्या जागा या कायद्याच्या बाहेर काढल्या. तो आकडा तेव्हापासून तिथेच आहे. आज साडेतीन हजारांत दिल्लीत खोली कुठे मिळते? म्हणजे स्पर्धा परीक्षेसाठी आलेले आपले विद्यार्थी, लक्ष्मीनगरमध्ये राहून खाजगी नोकरी करणारी आपली पोरे, मुनिरकातल्या चार मजली इमारतीत खोली घेऊन राहणाऱ्या परिचारिका यांतल्या बहुतेकांना भाडे कायद्याचे संरक्षण नाहीच. त्यांना लागू होतो मालमत्ता हस्तांतरण कायदा, १८८२. महिन्याच्या बोलीवर राहणाऱ्याला पंधरा दिवसांची नोटीस दिली की पुरे, कारण सांगावे लागत नाही. एका वर्षाहून अधिक मुदतीचा करार नोंदवावा लागतो, म्हणून करार अकरा महिन्यांचा करायचा, ही सगळ्यांना ठाऊक असलेली युक्ती. पुढे दिवाणी दाव्यात भाडेकरूने तीन गोष्टी मान्य केल्या की खेळ संपतो: मी भाडेकरू आहे, भाडे साडेतीन हजारांवर आहे, नोटीस मला मिळाली. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश १२ नियम ६ खाली, कबुलीच्या आधारे, साक्षीपुराव्याशिवाय ताब्याचा निकाल देता येतो. वकील नसलेला प्रामाणिक माणूस या तिन्ही गोष्टी पहिल्याच तारखेला सांगून मोकळा होतो.

यमुना ओलांडून नोएडा किंवा गाझियाबादला गेलो की कायदा बदलतो. तिथे उत्तर प्रदेशचा २०२१ चा कायदा आहे, आणि पहिली सुनावणी न्यायाधीशापुढे न होता महसुली अधिकाऱ्यापुढे होते. गुरुग्राम आणि फरिदाबादला हरियाणाचा १९७३ चा कायदा. एकाच मेट्रोने जोडलेल्या या शहरांत भाडेकरूसाठी तीन राज्ये आणि तीन दरवाजे आहेत. दिल्लीसाठी संसदेने १९९५ मध्ये नवा भाडे कायदा मंजूर केला, त्यावर राष्ट्रपतींची मोहोरही उमटली, पण जुन्या भाडेकरू व्यापाऱ्यांच्या विरोधापुढे तो कधी लागूच झाला नाही. म्हणजे संघटित आणि पैसेवाला भाडेकरू संसदेचा कायदासुद्धा अडवू शकतो. सीमापुरीतला भाडेकरू साधा समन्स अडवू शकत नाही.

यात जात कुठे आली, असे विचारणारे भेटतील. जात खोली मिळण्याच्या वेळीच आलेली असते. अमरावती जिल्ह्यातून आलेले अर्थशास्त्रज्ञ सुखदेव थोरात आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये दिल्ली, नोएडा, गाझियाबाद, फरिदाबाद आणि गुडगावात फोन करून आणि प्रत्यक्ष जाऊन भाड्याच्या घरांची चौकशी केली. सवर्ण नाव सांगणाऱ्याला बहुतेक दारे उघडली. दलित आणि मुस्लिम नावांना नकार, वाढीव भाडे आणि जादा अटी वाट्याला आल्या. हा अभ्यास २०१५ मध्ये 'इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली'त प्रसिद्ध झाला. १९१७ मध्ये बडोद्यात पारशी नाव सांगून राहिलेल्या बाबासाहेबांना लाठ्या घेतलेल्या जमावाने बाहेर काढले होते, हे आपल्यातल्या प्रत्येकाला माहीत आहे. शंभर वर्षांनी लाठी बहुधा दिसत नाही. 'खोली कालच दिली' एवढे म्हटले की काम होते.

या नकाराचा न्यायालयाशी थेट संबंध आहे, आणि तो क्वचितच कोणी जोडून दाखवतो. ज्याला दहा दारांवरून परत यावे लागते, तो अकराव्या दारी अटी घालत नाही. भाडे रोख द्या म्हटले तर रोख देतो. पावती मागत नाही. करारनाम्याची प्रत मागितली तर मालक चिडेल, म्हणून गप्प राहतो. आडनाव विचारले तर फक्त नाव सांगतो. कायद्याच्या कलम २६ नुसार भाड्याची पावती हा भाडेकरूचा हक्क आहे, पण हक्क मागितला तर खोली जाते. मग तीन वर्षांनी न्यायालय विचारते: पावती कुठे? करार कुठे? डिपॉझिट दिल्याचा पुरावा काय? दारावर झालेला भेदभाव न्यायालयात पुराव्याचा अभाव होऊन समोर येतो, आणि तिथे त्याला कोणी जात म्हणत नाही. निकालपत्रात फक्त एवढेच येते की प्रतिवादी आपले म्हणणे सिद्ध करू शकला नाही.

हे सिद्ध झाले की नाही ठरवणारे कोण, हेही पाहू. केंद्र सरकारने संसदीय समितीला दिलेल्या माहितीनुसार २०१८ ते २०२२ या काळात उच्च न्यायालयांत नेमलेल्या ५३७ न्यायाधीशांपैकी सुमारे ७९ टक्के खुल्या प्रवर्गातले होते. अनुसूचित जातींचे तीन टक्केही नव्हते. मालकाची गरज 'प्रामाणिक' आहे की नाही, हे भाडेकरूच्या आयुष्याची ओळखच नसलेल्या खुर्चीतून ठरते.

बेदखलीची किंमत काय असते, याची दिल्लीतली सर्वात मोठी साक्ष आपल्याच इतिहासात आहे. १९५१ मध्ये मंत्रिपद सोडल्यावर बाबासाहेब २६, अलीपूर रोड या सिरोहीच्या महाराजांच्या घरात राहायला गेले. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाचे काम तिथे झाले, आणि ६ डिसेंबर १९५६ ला तिथेच त्यांचे परिनिर्वाण झाले. माईसाहेब पुढे तिथे भाडेकरू म्हणून राहिल्या. मालमत्तेचा मालक बदलला. जानेवारी १९६७ मध्ये त्या दिल्लीबाहेर असताना त्यांच्या खोल्या रिकाम्या केल्या गेल्या. बाबासाहेबांचे कागद उघड्यावर फेकले गेले आणि नंतर आलेल्या पावसात भिजून गेले, असे बाबासाहेबांचे सचिव नानकचंद रत्तू यांनी नोंदवून ठेवले आहे. आज त्या जागी संविधानाच्या पुस्तकाच्या आकाराचे राष्ट्रीय स्मारक आहे. १३ एप्रिल २०१८ ला त्याचे उद्घाटन झाले. स्मारक भव्य आहे, पण भिजलेले एक पानही त्याने परत आणलेले नाही. बेदखलीनंतर मिळणारा न्याय असाच असतो. माईसाहेब डॉक्टर होत्या, देशाच्या पहिल्या कायदामंत्र्याच्या पत्नी होत्या. त्यांच्या वाट्याला हे आले, तर घरकाम करून तीन लेकरे सांभाळणाऱ्या विधवेच्या वाट्याला काय येत असेल?

'मोफत वकील मिळतो की' असे यावर उत्तर दिले जाते. मिळतो, नक्की मिळतो. विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम १२ नुसार अनुसूचित जाती-जमातीची प्रत्येक व्यक्ती, प्रत्येक स्त्री, प्रत्येक बालक, अपंग व्यक्ती आणि औद्योगिक कामगार यांना उत्पन्न कितीही असले तरी मोफत वकिलाचा हक्क आहे. इतरांना, म्हणजे ओबीसी आणि मुस्लिम पुरुष भाडेकरूंनाही, उत्पन्नाच्या मर्यादेत तो मिळतो. तीस हजारी, कडकडडूमा, साकेत, द्वारका, रोहिणी या न्यायालयांत जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाची कार्यालये आहेत. मग अडचण काय?

अडचण त्या समन्समध्ये आहे. कायद्याच्या तिसऱ्या अनुसूचीत समन्सचा नमुना छापलेला आहे. पंधरा दिवसांत परवानगी घेतली नाही तर काय होईल, ही धमकी त्यात आहे. 'तुम्हाला मोफत वकील मिळू शकतो, तो इथे मिळेल' हे एक वाक्य मात्र त्यात नाही. सरकार भाडेकरूला वेळेची मर्यादा न चुकता कळवते आणि वकिलाच्या हक्काबद्दल गप्प बसते.

फौजदारी खटल्यांत हे चालत नाही. १९८६ मध्ये सुक दास खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने आरोपीची शिक्षा रद्द केली, कारण मोफत वकिलाचा हक्क आहे हे त्याला कोणी सांगितलेच नव्हते. आपल्या देशातल्या बहुसंख्य लोकांना आपले हक्क ठाऊक नसतात, तेव्हा त्यांनी मागितले नाही म्हणून हक्क नाकारता येत नाही, हा त्या निकालाचा गाभा. हेच तत्त्व बेदखलीला का लागू नाही? घर गेले की मुलाची शाळा जाते, रेशनकार्डाचा पत्ता जातो, मतदारयादीतले नाव जाते, कामाची जागा दूर पडते. तुरुंगात जाणाऱ्याला न्यायालयाने हक्क सांगायचा आणि रस्त्यावर जाणाऱ्याला सांगायचा नाही, यामागे कोणता न्याय आहे?

वकील उभा राहिला की काय होते, तेही दिल्लीने पाहिले आहे. २९ मार्च २०२० ला मुख्यमंत्री अरविंद केजरीवाल यांनी पत्रकार परिषदेत सांगितले, की गरीब भाडेकरूला भाडे देता आले नाही तर सरकार देईल. दिले कोणी नाही. मजूर भाडेकरू उच्च न्यायालयात गेले, आणि २२ जुलै २०२१ ला एकल न्यायपीठाने सांगितले, की मुख्यमंत्र्यांनी दिलेले असे आश्वासन वाऱ्यावर सोडता येत नाही. सरकारने निर्णय घ्यावा. सप्टेंबरमध्ये सरकारच्या अपिलावर द्विसदस्यीय पीठाने त्याला स्थगिती दिली. आश्वासन टीव्हीवर आणि स्थगिती न्यायालयात, असा हा हिशेब. तरी सरकारला निदान उत्तर द्यायला उभे राहावे लागले, ते भाडेकरूंच्या बाजूने कोणीतरी उभे होते म्हणून.

मालकांच्या बाजूनेही एक खरा मुद्दा आहे. कॅनॉट प्लेससारख्या ठिकाणी जुने व्यापारी नाममात्र भाड्यात दुकाने धरून बसले आहेत, खटले वीस-वीस वर्षे चालतात, आणि एखादी म्हातारी मालकीण स्वतःच्या घरासाठी झुरत राहते. हे खोटे नाही. पण वीस वर्षे कोण लढवतो? ज्याच्याकडे तारखेगणिक पैसे घेणारा वकील आहे तो. कायदा दोघांना एकच, पण पैसेवाल्या भाडेकरूला तो वीस वर्षे पुरतो आणि गरीब भाडेकरूला पंधरा दिवस. गरिबाला वकील दिल्याने म्हातारीचा खटला लांबणार नाही. खरी गरज असलेल्या मालकाला समोरच्या वकिलाची भीती वाटण्याचे कारणही नाही. भीती वाटेल ती ज्याला भाडे वाढवून दुसऱ्याला खोली द्यायची आहे आणि अर्जात 'मुलाच्या लग्नासाठी' असे लिहायचे आहे त्याला.

म्हणून मागण्या सरळ आहेत. घर खाली करण्याच्या प्रत्येक समन्ससोबत हिंदीत आणि भाडेकरूच्या भाषेत एक कागद जोडा: मोफत वकिलाचा हक्क, कार्यालयाचा पत्ता, हेल्पलाइन १५१००. अनुसूची बदलायला संसद लागेल. कागद जोडायला तेवढी वाट पाहण्याचे कारण नाही. प्रत्येक भाडे न्यायालयात विधी सेवेचा वकील रोज हजर ठेवा. कलम १२ खाली हक्कदार असलेल्या भाडेकरूला वकील दिला गेला का, याची नोंद केल्याशिवाय बेदखलीचा आदेश देऊ नका. पंधरा दिवसांची मोजणी विधी सेवेकडे अर्ज केल्यावर थांबली पाहिजे, आणि उशीर माफ करण्याचा अधिकार नियंत्रकाला मिळाला पाहिजे. हे स्वप्नरंजन नाही. न्यूयॉर्क शहराने २०१७ मध्ये कायदा करून बेदखलीच्या खटल्यात कमी उत्पन्नाच्या भाडेकरूंना मोफत वकील द्यायला सुरुवात केली. भांडवलशाहीच्या राजधानीला जे जमते, ते अनुच्छेद ३९-अ असलेल्या देशाच्या राजधानीला का जमू नये?

आता आपल्याविषयी. आपल्या घरात सरकारी कागद वाचू शकणारी पहिली माणसे आपण आहोत. पदवीचा उपयोग नोकरीपुरता नाही. गल्लीत कोणाला समन्स आले, की ते हातात घ्या आणि ते कोणत्या तारखेला मिळाले हे आधी लिहून ठेवा. पंधरा दिवस तिथून मोजले जातात. दुसऱ्या दिवशी त्या माणसासोबत विधी सेवेच्या कार्यालयात जा. भाडे रोख देऊ नका, बँकेतून किंवा फोनवरून द्या, म्हणजे पावती आपोआप तयार होते. मालकाने न्यायालयाच्या आदेशाशिवाय कुलूप बदलले, तर विशिष्ट अनुतोष कायद्याच्या कलम ६ खाली सहा महिन्यांच्या आत ताबा परत मागता येतो. अनुसूचित जाती-जमातीच्या माणसाला जागेतून बेकायदा हुसकावणे हा अत्याचार प्रतिबंधक कायद्याच्या कलम ३(१)(जी) खाली गुन्हा आहे. मालकाने 'स्वतःसाठी' म्हणून ताबा घेतला आणि तीन वर्षांच्या आत परवानगीशिवाय दुसऱ्याला भाड्याने दिला, तर भाडे कायद्याच्या कलम १९ खाली जुना भाडेकरू जागा परत मागू शकतो. आपल्यातले जे वकिली शिकत आहेत, त्यांनी विधी सेवेच्या यादीत नाव नोंदवावे; बाकीच्यांना पॅरा लीगल स्वयंसेवक होता येते.

कायद्याने गरिबाला पंधरा दिवस दिले आहेत. त्यातले दहा दिवस कागद कोणाकडून वाचून घ्यायचा, या शोधात जातात. ते दहा दिवस आपण वाचवू शकतो. उरलेली लढाई संसदेशी आणि न्यायालयाशी आहे, आणि तीही आपल्यालाच लढावी लागेल.